आश्रयाचा अर्ज फेटाळला गेल्यानंतर: अमेरिकेच्या इमिग्रेशन कोर्टातलं अपील

मायदेशी छळ होईल म्हणून अमेरिकेत राहू द्या, अशी मागणी म्हणजे आश्रयाचा अर्ज. त्याची इमिग्रेशन कोर्टातली सुनावणी संपते तेव्हा जज बहुतेक वेळा तिथेच बसून निकाल बोलून दाखवतात. ध्वनिमुद्रण चालू असतं. वीस-पंचवीस मिनिटं इंग्रजीत वाचन चालतं. अर्जदाराच्या कानावर दुभाष्याकडून कधी सगळं येतं, कधी फक्त सार येतं: अर्ज नामंजूर, हद्दपारीचा हुकूम. मग जज एक प्रश्न विचारतात, 'अपिलाचा हक्क राखून ठेवायचा आहे की सोडायचा आहे?'

बसलेल्या धक्क्यात हा प्रश्न निसटून जातो, आणि पुढचं सगळं तर त्याच्या उत्तरावरच उभं असतं. 'सोडतो' म्हटलं की निकाल त्याच क्षणी अंतिम होतो. दमलेला, घाबरलेला किंवा अटकेत असलेला माणूस 'आता पुरे' म्हणून मान हलवतो आणि दुसऱ्या दिवशी पस्तावतो. म्हणून ज्यांचा कोणी नातेवाईक, शेजारी, ओळखीचा या फेऱ्यात अडकला आहे त्यांनी त्याला आधीच सांगून ठेवावं: उत्तर 'राखून ठेवतो' असं द्यायचं. नंतर विचार करून अपील न करण्याची मोकळीक राहतेच. सोडलेला हक्क मात्र सहसा परत मिळत नाही.

हा विषय आपल्याकडे पंजाब, हरियाणा, गुजरातचा मानला जातो आणि बऱ्याच अंशी ते खरंही आहे. पण ५ फेब्रुवारी २०२५ रोजी हद्दपार केलेल्या १०४ भारतीयांना घेऊन अमेरिकी लष्कराचं विमान अमृतसरला उतरलं, तेव्हा त्यात महाराष्ट्रातले ३ जण होते. संख्या लहान आहे. अशा माणसाला आपल्या भाषेत नीट सांगणारं कोणी सापडत नाही, म्हणून हा लेख. वकिलाची जागा तो घेऊ शकत नाही. वकिलाकडे जाताना कोणते प्रश्न घेऊन जायचे, एवढं त्यातून कळावं.

आधी पायऱ्या समजून घेऊ. अमेरिकेत असलेला माणूस आपणहून आश्रयाचा अर्ज करतो तेव्हा त्याची मुलाखत नागरिकत्व आणि इमिग्रेशन खात्याचा अधिकारी घेतो. अधिकाऱ्याला पटलं नाही आणि अर्जदाराकडे दुसरा वैध व्हिसा नसला, तर प्रकरण इमिग्रेशन कोर्टाकडे पाठवलं जातं. कित्येकांना वाटतं की हेच अपील. तसं नाही. कोर्टात सगळं नव्याने सुरू होतं: नवी साक्ष, नवे पुरावे, जजचा स्वतंत्र निर्णय. सीमेवर पकडलेला किंवा हद्दपारीची कारवाई सुरू झालेला माणूस बहुधा या कोर्टातच पहिल्यांदा अर्ज करतो. या कोर्टाने नकार दिल्यावर जे होतं ते खरं अपील, आणि ते जातं व्हर्जिनिया राज्यातल्या फॉल्स चर्च इथल्या 'बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्स'कडे. बोर्डानेही नाकारलं तर संघराज्याचं सर्किट कोर्ट, म्हणजे ठरावीक राज्यांसाठीचं अपील कोर्ट.

इमिग्रेशन जज आणि बोर्ड हे आपल्या मनातल्या अर्थाने स्वतंत्र न्यायपालिकेचा भाग नाहीत, हेही माहीत असावं. दोन्ही अमेरिकेच्या न्याय विभागाखाली, म्हणजे सरकारच्याच एका खात्यात येतात. या विभागाचे प्रमुख असलेल्या अॅटर्नी जनरलना बोर्डाचा निर्णय स्वतःकडे मागवून बदलता येतो. २०२५मध्ये बोर्डाची सदस्यसंख्या २८वरून १५वर आणली गेली. स्वतंत्र न्यायाधीशांसमोर प्रकरण पहिल्यांदा जातं ते सर्किट कोर्टात. माझ्या मते बोर्डाकडचं अपील लिहितानाच पुढचं सर्किट कोर्ट डोळ्यांसमोर ठेवावं, कारण बोर्डासमोर न मांडलेला मुद्दा तिथे सहसा ऐकून घेतला जात नाही.

अपिलात काय तपासलं जातं?

इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे. माणसाला वाटतं, जजना माझं दुःख कळलं नाही, वरच्यांना नीट सांगितलं की कळेल. पण बोर्डासमोर तुम्ही उभेच राहत नाही. साक्ष नाही, चेहरा नाही, आवाज नाही. खालच्या कोर्टात जे बोललं गेलं आणि जे कागद दाखल झाले, तेवढीच नोंद बोर्डापुढे असते. त्या नोंदीवरून जजच्या निकालात कुठे चूक झाली, हे लेखी दाखवावं लागतं.

चुकाही दोन जातींच्या. एक, कायद्याची चूक: जजने चुकीचा निकष लावला, एखादा मुद्दा विचारातच घेतला नाही. ही चूक बोर्ड मोकळ्या नजरेने, नव्याने तपासतं. दुसरी, वस्तुस्थितीची: जजला साक्षीदार खोटा वाटला, अमुक घटना घडलीच नाही असं वाटलं. इथे बोर्ड सहजासहजी हात घालत नाही, निष्कर्ष उघडउघड चुकीचा आहे असं दिसावं लागतं. त्यामुळे 'जजने माझ्यावर विश्वास ठेवला नाही' एवढंच लिहिलेलं अपील टिकत नाही. 'जज म्हणतात मी वैद्यकीय कागद दिला नाही, पण तो नोंदीत अमुक पानावर आहे' असं लिहिलेलं अपील वाचलं जातं.

उदाहरण घेऊ, पूर्ण काल्पनिक. मराठवाड्यातल्या एका तरुणाने दुसऱ्या जातीतल्या मुलीशी लग्न केलं. तिच्या घरच्यांनी त्याला मारहाण केली, जिवाची धमकी दिली. पोलिस ठाण्यात तक्रार घ्यायला टाळाटाळ झाली. तो अमेरिकेत पोचला, आश्रय मागितला, आणि जजने नाकारला. निकालात तीन-चार कारणं आली असतील. प्रत्येकाला उत्तर वेगळं.

पहिलं कारण: हे खासगी भांडण आहे. आश्रयासाठी छळाचं कारण पाचांपैकी एक असावं लागतं: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गट. २००५च्या 'रिअल आयडी' कायद्यानुसार ते एक मध्यवर्ती कारण असावं लागतं, एकमेव असायची गरज नाही. सासरा चिडला होता हे खरं, पण तो चिडला कशावरून? जातीवरून. हा धागा साक्षीत आला असेल तर अपिलात तो ओढून दाखवता येतो. मात्र 'सामाजिक गट' कोणता, हे इमिग्रेशन जजसमोरच स्पष्ट सांगितलेलं असावं लागतं. नवा गट पहिल्यांदा बोर्डासमोर मांडलेला बोर्ड स्वीकारत नाही.

दुसरं कारण: छळ करणारे लोक खासगी आहेत, सरकार नाही. कायद्यात यावर वाट आहे. सरकार त्यांना आवर घालू शकत नाही किंवा घालायला तयार नाही, हे दाखवलं तर खासगी माणसांनी केलेला छळही चालतो. पोलिसांकडे गेलो तेव्हा काय झालं, हा भाग म्हणून कळीचा.

तिसरं कारण भारतीय अर्जदारांना फार वेळा ऐकावं लागतं: भारत एवढा मोठा, दुसरीकडे जाऊन राहा की. मराठवाड्यात धोका आहे तर पुणे आहे, नागपूर आहे. वरवर हे पटण्यासारखं वाटतं. पण कायदा दोन प्रश्न विचारतो: तिथे खरोखर सुरक्षित राहता येईल का, आणि या माणसाने तिथे जावं ही अपेक्षा वाजवी आहे का. पूर्वी छळ झाल्याचं जजने मान्य केलं असेल तर हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर येतो. अनेक निकालांत नेमकी हीच गोष्ट उलटी झालेली असते, अर्जदाराकडूनच पुरावा मागितलेला असतो. २०१९मध्ये नवव्या सर्किट कोर्टाने पंजाबमधल्या एका राजकीय कार्यकर्त्याचं प्रकरण याच मुद्द्यावर बोर्डाकडे परत पाठवलं. हा माणूस दुसऱ्या राज्यातही आपलं राजकीय मत मांडत राहील, त्याचं काय होईल, याचा विचार त्याच्यापुरता करायला हवा होता, असं कोर्टाचं म्हणणं होतं. आपल्या काल्पनिक तरुणाला सांगता येईल की शहरात भाड्याने खोली घेताना पोलिस पडताळणी होते, नातेवाइकांचं जाळं असतं, शोधणं अवघड नाही. पण हे नोंदीत आधी आलेलं हवं. अपिलात नवा पुरावा जोडता येत नाही. त्यासाठी प्रकरण जजकडे परत पाठवण्याची वेगळी विनंती करावी लागते, आणि तो पुरावा आधी का मिळाला नव्हता तेही सांगावं लागतं.

भाषा घात करते तेव्हा

चौथं कारण बाकीच्या तिन्हींपेक्षा घातक: साक्ष विश्वासार्ह नाही. 'रिअल आयडी' कायद्याने जजला मोठी मुभा दिली आहे. विसंगती मूळ मुद्द्याशी निगडित नसली, तरी तिच्यावरून अविश्वास दाखवता येतो. तारीख चुकली, माणसांची संख्या बदलली, नातं वेगळं सांगितलं, एवढंही पुरतं.

आता मराठी माणूस कसा बोलतो ते आठवून पाहा. 'चार-पाच जण आले होते', दुसऱ्यांदा सांगताना 'पाच-सहा जण'. आपल्या कानाला यात काही खटकत नाही. इंग्रजी नोंदीत मात्र एकदा चार आणि एकदा सहा असं उतरू शकतं. 'माझ्या भावाला' म्हणताना आपण चुलतभावाविषयी बोलत असतो. प्रतिज्ञापत्रात चुलतभाऊ आणि साक्षीत सख्खा भाऊ अशी नोंद होते. 'त्यांनी त्याला मारलं' यात मारहाण आहे की खून, हे मराठीत संदर्भावरून कळतं. दुभाष्याला संदर्भ नसेल तर मित्र एका पानावर मेलेला आणि पुढच्या पानावर इस्पितळात. 'परवा' तर मागचाही असतो आणि पुढचाही.

तारखांचं आणखी अवघड. गावाकडच्या घटना आपण सणांवर मोजतो. 'गणपतीत झालं' म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. २०२२ साली गणेश चतुर्थी ३१ ऑगस्टला होती आणि अनंत चतुर्दशी ९ सप्टेंबरला. अर्जात ऑगस्ट लिहिलं गेलं आणि साक्षीत सप्टेंबर आलं, तरी माणूस एकाच आठवड्याबद्दल बोलत असेल.

त्यात मराठी दुभाषा मिळायला अवघड, म्हणून पुष्कळदा अर्जदार हिंदीवर भागवतो. 'हिंदी येते ना?' या प्रश्नाला आपण सवयीने होकार देतो. बाजारात चालणारी हिंदी वेगळी आणि उलटतपासणीत पेलावी लागणारी वेगळी. कोर्ट दुभाषा स्वतःच्या खर्चाने पुरवतं. मराठी हवी असेल तर तसं पहिल्याच सुनावणीत सांगावं, आणि साक्ष चालू असताना काही चुकीचं भाषांतर होतंय असं वाटलं तर तिथल्या तिथे म्हणावं.

हे सगळं अपिलाच्या लेखात एवढं सविस्तर सांगण्याचं कारण म्हणजे सुनावणीच्या लेखी प्रतीत फक्त इंग्रजी उतरतं. तुम्ही मराठीत किंवा हिंदीत काय बोललात ते कागदावर कुठेच नसतं, ते फक्त ध्वनिमुद्रणात राहतं. म्हणून अविश्वासाच्या मुद्द्यावर निकाल गेला असेल तर ते ध्वनिमुद्रण मागवून, भाषा जाणणाऱ्या माणसाला शेजारी बसवून ऐकायला हवं. मिनिट-सेकंदासह 'इथे असं म्हटलं, भाषांतर असं झालं' हे दाखवता आलं, आणि निकाल त्याच वाक्यावर उभा असला, तर अपिलाला बळ येतं. त्याबरोबर हेही पाहावं की ती विसंगती जजने किंवा सरकारी वकिलाने अर्जदारासमोर ठेवली होती का, त्याला खुलासा करायची संधी मिळाली होती का, आणि त्याने खुलासा दिला असेल तर निकालात त्याचा विचार झाला का.

घड्याळ

आश्रयाच्या निकालाविरुद्ध बोर्डाकडे जायला कायद्याने ३० दिवस दिले आहेत. कामाचे दिवस नव्हेत, शनिवार-रविवार धरून. निकाल तोंडी दिला तर त्या दिवसापासून, लेखी पाठवला तर टपालात टाकल्याच्या तारखेपासून. मुदतींचे नियम अलीकडे वारंवार बदलले जात आहेत, म्हणून जजच्या लेखी आदेशावर अपिलाची शेवटची तारीख लिहिलेली असते ती आधी पाहावी आणि वकिलाकडून त्याच आठवड्यात पक्की करून घ्यावी.

आणि अर्ज त्या तारखेला बोर्डाकडे पोचलेला असावा लागतो. पोस्टाचा शिक्का कधीचा आहे याला किंमत नाही. भारतातल्या कोर्टकचेरीची सवय असलेल्याला वाटतं की उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज करू, कारण देऊ. इथे तो दरवाजा फार अरुंद आहे. पत्र कुरियरने पाठवावं, शेवटच्या दिवसाच्या बरंच आधी, आणि पोचपावती जपून ठेवावी.

अर्जाचा नमुना 'ईओआयआर-२६'. त्यात अपिलाची कारणं लिहायची असतात, आणि इथे एक विचित्र अडचण आहे. जजने तोंडी दिलेल्या निकालाची पूर्ण लेखी प्रत बहुधा अपील दाखल झाल्यावरच तयार होते. म्हणजे निकाल कागदावर वाचायच्या आधी त्यातल्या चुका लिहायच्या. म्हणून निकाल वाचला जात असताना सोबतच्या माणसाने टिपणं काढणं फार उपयोगाचं. कारणं मोघम लिहू नयेत. 'निकाल अन्यायकारक आहे' एवढ्यावर बोर्ड अपील न तपासताच काढून टाकू शकतं. लेखी युक्तिवाद नंतर देणार अशी खूण केली आणि तो दिलाच नाही, तरी तेच होऊ शकतं. एक प्रत सरकारी वकिलांच्या कार्यालयाला दिल्याचा दाखला जोडावा लागतो.

फी पूर्वी ११० डॉलर होती. जुलै २०२५च्या कायद्यानंतर ती ९०० डॉलरच्या वर गेली आहे. परवडत नसेल तर माफीसाठी 'ईओआयआर-२६ए' हा वेगळा नमुना आहे. तो अपिलाबरोबरच जायला हवा. सरकार या प्रकरणांत फुकट वकील देत नाही. स्वतःच्या खर्चाने वकील करण्याचा हक्क आहे, आणि काही स्वयंसेवी संस्था व विद्यापीठांतले कायदा विभाग मोफत प्रकरणं घेतात. कोर्टाकडे अशांची यादी असते, ती मागावी.

पत्ता बदलला तर कामाच्या पाच दिवसांत बोर्डाला कळवायचं. हे किरकोळ वाटतं, पण युक्तिवादाची तारीख आणि निकाल दोन्ही टपालाने येतात. जुन्या खोलीवर पडून राहिलेल्या एका पाकिटामुळे पुढचे ३० दिवस निघून जातात.

यात दिलासा एवढाच की वेळेत केलेलं अपील बोर्डासमोर चालू असेपर्यंत हद्दपारीला आपोआप स्थगिती असते. अर्जदार अटकेत असेल तर तो अटकेतच राहू शकतो, पण विमानात बसवता येत नाही.

बोर्डानंतर

बोर्ड अपील फेटाळू शकतं, मान्य करू शकतं, किंवा प्रकरण परत जजकडे पाठवू शकतं. जिंकणं म्हणजे पुष्कळदा हे तिसरंच असतं: आश्रय हातात पडत नाही, नव्याने सुनावणी मिळते. तीही मोठी गोष्ट आहे.

बोर्डानेही नाकारलं तर सर्किट कोर्टात जाण्याची मुदत पुन्हा ३० दिवस. कोणतं कोर्ट, हे जजसमोरची कारवाई कुठे झाली त्यावर ठरतं. न्यू जर्सीसाठी फिलाडेल्फियातलं तिसरं सर्किट, न्यूयॉर्कसाठी दुसरं, टेक्साससाठी न्यू ऑर्लिन्समधलं पाचवं, कॅलिफोर्नियासाठी नववं. प्रत्येक सर्किटचे पूर्वीचे निर्णय वेगळे असल्याने सारख्याच हकिगतीचा शेवट दोन राज्यांत दोन तऱ्हेने होतो. इथे स्थगिती आपोआप मिळत नाही. ती वेगळी मागावी लागते, आणि ती मिळेपर्यंत हद्दपारी होऊ शकते. माणसं गाफील राहतात ती इथे, कारण बोर्डाकडचा अनुभव उलटा असतो.

आश्रयाबरोबर आणखी दोन संरक्षणं मागितलेली असतात: हद्दपारी रोखण्याचा आदेश, आणि छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारानुसार संरक्षण. आश्रयासाठी धोक्याची शक्यता पन्नास टक्क्यांहून कमी असली तरी चालते. १९८७च्या कार्डोझा-फॉन्सेका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दहात एक एवढी शक्यताही पुरेशी ठरू शकते असं म्हटलं. बाकी दोन्हींना निम्म्याहून जास्त शक्यता दाखवावी लागते आणि त्यातून ग्रीन कार्डचा रस्ता निघत नाही. पण अमेरिकेत आल्यावर वर्षभरात अर्ज करण्याची अट त्यांना नाही. ज्याचा आश्रय फक्त उशिरामुळे गेला, त्याचं सगळं भवितव्य या दोन मागण्यांवर असू शकतं. अपिलात तिन्हींबद्दल लिहिलं आहे ना, हे वकिलाला विचारावं.

जुन्या वकिलानेच घोळ केला असेल तर? तारीख चुकवली, पुरावा दाखलच केला नाही? प्रकरण पुन्हा उघडण्याचा अर्ज करता येतो, साधारणपणे अंतिम निकालानंतर ९० दिवसांत. मायदेशातली परिस्थिती बदलली असेल तर आश्रयापुरती ही मुदत लागू होत नाही. वकिलाच्या चुकीसाठी बोर्डाने १९८८मध्ये पद्धत घालून दिली: काय ठरलं होतं त्याचं प्रतिज्ञापत्र, त्या वकिलाला कळवून उत्तराची संधी, आणि वकिलांच्या नियामक संस्थेकडे तक्रार, किंवा ती का केली नाही याचा खुलासा.

एजंट आणि 'कन्सल्टंट' यांच्याविषयी मला कळकळीने सांगावंसं वाटतं. वकील नसलेला, न्याय विभागाची मान्यता नसलेला माणूस अपील लिहून देतो म्हणाला तर दूर राहा. तो 'केस मजबूत करायला' एखादी न घडलेली घटना घालू म्हणाला तर नक्कीच. जाणूनबुजून खोटा ठरवलेला आश्रयाचा अर्ज इमिग्रेशनचे जवळपास सगळे लाभ कायमचे बंद करतो, आणि त्याची शिक्षा एजंटला भोगावी लागत नाही.

अपील सुरू असताना भारतातून फोन येतो: आई सीरियस आहे, ये. जायचं की नाही, हा निर्णय ज्याचा त्यानेच घ्यायचा. पण तिकीट काढण्याआधी त्याला एवढं माहीत असायला हवं की अमेरिकेबाहेर पाऊल टाकलं तर बोर्डाकडचं अपील मागे घेतलं असं धरलं जातं, आणि जजचा हद्दपारीचा हुकूम अंतिम होतो. परत यायची वाट त्यानंतर बहुधा कित्येक वर्षांसाठी बंद होते. फोनवर हे आईला समजावून सांगणं अवघड आहे. भावाला किंवा बहिणीला ते आधीच सांगून ठेवलेलं असावं.